बी-४५० बोर्डावर रायझन ५००० : प्रोसेसर बदलला की पीसीआयई ४.० मिळते का?

सह्यवारा

नमस्कार मंडळी. मशीन असे आहे: बी-४५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड (बायोस, म्हणजे बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर, २०१९चा), रायझन ५ २६००, ८+८ जीबी डीडीआर४ ३०००, जीटीएक्स १०६० ६ जीबी, विंडोजसाठी सॅटा एसएसडी, ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा पॉवर सप्लाय. काम निम्मे ब्लेंडर आणि व्हिडिओ संपादन, निम्मे गेम. मॉनिटर १०८०पी.

विचार असा: रायझन ५०००पैकी एखादा प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० ८ जीबी किंवा आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, आणि चौथ्या पिढीची एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी, सॅटापेक्षा वेगवान) एसएसडी. ५०००चे बहुतेक प्रोसेसर पीसीआयई ४.०चे (कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या वाटेची चौथी पिढी) आहेत. मग ते बसवल्यावर या बोर्डावर ४.० सुरू होईल का, की बी-५५० बोर्ड घ्यावाच लागेल? आणि बोर्ड तोच ठेवला तर नेमके किती नुकसान?

लेनमोजणी

थेट उत्तर: नाही. बी-४५०वर कोणताही प्रोसेसर बसवा, ग्राफिक्स स्लॉट आणि एम.२ (एनव्हीएमईचा) स्लॉट ३.०वरच चालतात. २०१९मध्ये रायझन ३००० आले तेव्हा काही कंपन्यांच्या चाचणी बायोसमध्ये ४०० मालिकेच्या बोर्डांवर ४.०चा पर्याय दिसत होता. एएमडीने पुढच्या एजेसामधून (बायोसमधला एएमडीचा मूळ भाग) तो काढून टाकला. ४.०साठी बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा जास्त काटेकोर आखाव्या लागतात. जुन्या बोर्डांपैकी कुठला तग धरेल आणि कुठला चुका करेल याची हमी देता येत नव्हती. जुना चाचणी बायोस शोधून तो पर्याय चालू करायच्या फंदात पडू नका. त्या बायोसला ५००० मालिका ओळखताच येत नाही.

पण '३.० की ४.०' हा निम्मा प्रश्न झाला. उरलेला निम्मा असतो 'किती लेन?', म्हणजे डेटाच्या किती समांतर वाटा. ३.०ची एक लेन साधारण ०.९८५ जीबी प्रति सेकंद देते, ४.०ची त्याच्या दुप्पट, ५.०ची चौपट. आता तुमची दोन कार्डे बघा.

आरटीएक्स ५०६० हे ५.०चे कार्ड आहे, पण त्याला लेन ८च आहेत. तुमच्या बोर्डावर ते ३.० गुणिले ८ लेन, म्हणजे ७.८८ जीबी प्रति सेकंदावर चालेल. आरएक्स ९०६० एक्सटीसुद्धा ५.०चे, पण त्याला १६ लेन आहेत. त्याच स्लॉटात त्याला १५.७५ मिळतील. एकाच बोर्डावर बरोबर दुप्पट.

हा फरक कधी जाणवतो? कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर फारसा नाही. मेमरी भरली की टेक्स्चर सिस्टिमच्या रॅममधून पीसीआयईवरून ओढावे लागतात, आणि मग वाट अरुंद असली की गेम अडखळू लागतो. म्हणजे ८ जीबी मेमरी आणि ८ लेन या दोन कमतरता एकमेकींना वाढवतात. आरएक्स ६५०० एक्सटी हे याचे टोकाचे उदाहरण होते: ४ जीबी मेमरी आणि फक्त ४ लेन. ३.० बोर्डावर ते कार्ड स्पष्टपणे मागे पडायचे. म्हणून बोर्ड तोच ठेवणार असाल तर १६ जीबीचे, १६ लेनचे कार्ड हाच पर्याय मला पटतो.

ब्लेंडरसाठी मात्र एनव्हिडियाची ऑप्टिक्स सोय (कार्डावर रेंडरिंग वेगाने करणारी) महत्त्वाची आहे. रेंडरिंग हेच मुख्य काम असेल तर हिशोब बदलतो. दृश्य एकदा कार्डाच्या मेमरीत चढले की पीसीआयईचा वेग रेंडरच्या वेळेत जवळपास दिसत नाही. फक्त दृश्य ८ जीबीत मावले पाहिजे.

एसएसडीचे म्हणाल तर चौथ्या पिढीची एसएसडी ३.०च्या ४ लेनमध्ये विनातक्रार चालते, सलग वाचनाचा वेग ३५०० एमबीच्या आसपास अडकतो. विंडोज सुरू होणे, प्रोजेक्ट उघडणे यांत फरक डोळ्यांना दिसत नाही. सॅटाच्या ५५०वरून ३५००वर जाणे ही मोठी उडी, ३५००वरून ७०००ची उडी तुमच्या कामात छोटी.

तांबडी_तार

लेनमोजणी यांना +१. एक भर. तुमच्या बोर्डावर दुसरा एम.२ स्लॉट असेल तर तो कुठून जोडलाय हे पुस्तिकेत नक्की बघा. एएम४ (तुमच्या बोर्डाचे सॉकेट) प्रोसेसर २४ लेन देतो: १६ ग्राफिक्सला, ४ पहिल्या एम.२ला, ४ चिपसेटला. बी-४५०चा चिपसेट स्वतः पुढे ज्या लेन वाटतो त्या २.०च्या. त्यामुळे दुसरा एम.२ एक तर फक्त सॅटा असतो, नाही तर २.०चा, नाही तर काही बोर्डांवर ग्राफिक्स स्लॉटच्या १६मधल्या लेन कापून घेतो. हा तिसरा प्रकार असेल तर दुसरी एसएसडी बसवताच ग्राफिक्स कार्ड ८ लेनवर येते. ८ लेनच्या कार्डाला त्याने काहीच होत नाही, १६ लेनच्या कार्डाची वाट मात्र निम्मी होते. म्हणजे वरच्या सल्ल्याचा फायदा तिथेच गेला. एकच एनव्हीएमई लावायची असेल तर ती प्रोसेसरजवळच्या पहिल्या स्लॉटात.

रात्रपाळी

प्रोसेसर निवडताना नावांचा घोळ आहे, तो आधी सोडवू. ५००० मालिकेतले सगळे एका घरचे नाहीत.

५६००, ५६००एक्स, ५७००एक्स, ५८००एक्स : यांच्यात ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आणि पीसीआयई ४.०.
५७००एक्स३डी, ५८००एक्स३डी : ९६ एमबी एल३, पीसीआयई ४.०.
५५००, ५७०० (पुढे एक्स नसलेला), ५६००जी, ५७००जी : १६ एमबी एल३ आणि पीसीआयई फक्त ३.०.

शेवटच्या ओळीत लोक फसतात. ५७०० आणि ५७००एक्स यांच्या किमतीतला फरक बघून पहिला घेतला जातो, आणि कॅश निम्मी मिळते. आज बी-४५०वर ३.०चा प्रश्न येणार नाही, पण उद्या बी-५५०वर गेलात तर तिथेही ४.० मिळणार नाही. बोर्ड आणि प्रोसेसर दोघेही ४.०चे असले तरच ४.०.

तुमच्या कामाला ५७००एक्स. ८ कोर, १६ थ्रेड, ६५ वॅट. ब्लेंडर आणि व्हिडिओ एन्कोडिंगला ८ कोर उपयोगी पडतात, आणि मायक्रो एटीएक्स बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) ताण येत नाही. ५८००एक्स त्याच चिपचा १०५ वॅटचा अवतार आहे. पूर्ण भारावर तो १४२ वॅटपर्यंत ओढतो, आणि व्हीआरएमवर हीटसिंक नसलेल्या बोर्डावर ते चुकीचे. निव्वळ गेम असते तर एक्स३डी म्हटले असते, पण ५७००एक्स३डी आता नवा क्वचितच मिळतो. जुना घेतलात तर बसवल्यावर सीपीयू-झीमध्ये (प्रोसेसरची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर) एल३ ९६ एमबी दिसते का ते तपासा, आणि पैसे देण्याआधी पिना भिंगाखाली बघा.

५६००च्या खोक्यात रेथ स्टेल्थ कूलर येतो. ५७००एक्स आणि एक्स३डीबरोबर कूलर येत नाही. २६००चा जुना स्टेल्थ ५७००एक्सवर चालेल, पण रेंडरिंगमध्ये पंखा पूर्ण वेगाने ओरडत राहील. १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या, आणि कॅबिनेटची रुंदी मोजून घ्या. बहुतेक टॉवर १५०–१६० मिमी उंच असतात.

सह्यवारा

खूप उपयोगी. ५७००एक्स नक्की. कार्ड ९०६० एक्सटी १६ जीबी, कारण माझी दृश्ये ८ जीबीच्या वर जातात. बोर्डाला एकच एम.२ आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. आता बायोस. २०१९चा बायोस आहे, थेट नवीनतम टाकू का? आणि विंडोज पुन्हा टाकावी लागेल का? आत्ता विंडोज १० आहे, यूएसबीवरून ११ करणार आहे.

बोर्डवाचक

बायोस हा सगळ्या प्रकरणातला एकमेव भाग आहे जिथे चूक महागात पडते, म्हणून सविस्तर.

आधी बोर्डाचे पूर्ण नाव आणि आवृत्ती शोधा. सीपीयू-झीच्या मेनबोर्ड पानावर नाव आणि बायोस दिसतो, पण 'रिव्हिजन' क्रमांक बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेला असतो. गिगाबाइटसारख्या कंपन्यांचे एकाच नावाचे दोन रिव्हिजन वेगळा बायोस मागतात. मग कंपनीच्या पानावर प्रोसेसर सपोर्टची यादी उघडा, ५७००एक्सच्या समोर किमान कोणता बायोस लिहिलाय ते बघा. ५७००एक्स एप्रिल २०२२चा आहे, त्यामुळे २०२०–२१चा बायोस पुरत नाही. एजेसा १.२.०.७ किंवा त्यापुढचा घ्या. एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या चाव्या ठेवणारी सोय) मशीन मध्येच क्षणभर अडकायचे, तो दोषही त्यात दुरुस्त झाला आहे.

थेट नवीनतम टाकायचा का? प्रत्येक आवृत्तीखालची बारीक टीप वाचल्याशिवाय नाही. काही बोर्डांवर आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते, काहींवर विंडोजमधून एक छोटे फर्मवेअर साधन आधी चालवावे लागते. आणि काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेले असते की २००० मालिकेचा प्रोसेसर बसवलेला असेल तर ही आवृत्ती टाकू नका. कारण साधे आहे. त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच आहे. एएम४च्या सगळ्या पिढ्यांचा मजकूर त्यात मावत नाही, म्हणून नव्यासाठी जागा करताना जुन्यांना बाहेर काढले गेले, कुठे रेड (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची सोय) गेले, कुठे बायोसची चित्रमय मांडणी गेली. अशा बोर्डावर २६०० आणि ५७००एक्स दोन्ही चालवणारी शेवटची आवृत्ती शोधायची, ती २६०० बसलेला असताना टाकायची, प्रोसेसर बदलायचा, आणि मग हवे तर नवीनतम. मागे येणे बहुधा बंद असते, म्हणून २६०० विकण्याची घाई नवा प्रोसेसर दोन आठवडे नीट चालेपर्यंत नको.

प्रत्यक्ष पायऱ्या:

१) पेन ड्राइव्ह ३२ जीबी किंवा लहान, फॅट३२, एमबीआर पद्धतीने फॉरमॅट. एक्सफॅट किंवा एनटीएफएस बायोसला बहुधा दिसत नाही.
२) झिप उघडून आतली फाइल मुळाशी ठेवा, फोल्डरमध्ये नाही.
३) बायोसमधल्याच साधनाने फ्लॅश करा: एमएसआयवर एम-फ्लॅश, असूसवर ईझी फ्लॅश, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश, एएसरॉकवर इन्स्टंट फ्लॅश. विंडोजमधून फ्लॅश करू नका. मध्येच एखादा ड्रायव्हर अडकला तर चिप अर्धवट लिहिली जाते.
४) आधी एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) आणि ओव्हरक्लॉक काढून सगळे डीफॉल्टवर आणा. अस्थिर रॅमवर फ्लॅश करणे म्हणजे चुकीचे बाइट चिपमध्ये लिहिणे.
५) यूपीएसवर लावूनच करा. उन्हाळ्यात आणि पहिल्या वळवाच्या पावसात दुपारनंतर वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. सकाळी करा.
६) फ्लॅश झाल्यावर मशीन दोन-तीनदा आपणहून बंद-चालू होते. पाच मिनिटे बटणाला हात लावू नका.

बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर प्रोसेसर नसतानाही फ्लॅश होतो. फाइलला पुस्तिकेत दिलेले नेमके नाव द्यावे लागते आणि ठरलेल्याच यूएसबी पोर्टात लावावी लागते. दिवा काही सेकंदच लुकलुकून थांबला तर फाइल वाचली गेली नाही असे समजा.

तांबडी_तार

विंडोजबद्दल. फक्त प्रोसेसर बदलताना पुन्हा टाकावी लागत नाही. पण दोन गोष्टी.

पहिली: एन्क्रिप्शन. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने टाकली की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होते, होम आवृत्तीतही. बहुतेकांना ते ठाऊकच नसते. चावी प्रोसेसरमधल्या एफटीपीएममध्ये असते. प्रोसेसर बदलला की ती जुन्या प्रोसेसरबरोबर गेली, आणि पहिल्या बूटला निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. म्हणून आधी प्रोसेसर बदला, मग विंडोज ११ टाका. उलट क्रमाने करणार असाल तर सेटिंगमधून एन्क्रिप्शन बंद करा, पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

नव्या प्रोसेसरने पहिल्यांदा चालू करताना काळ्या पडद्यावर विचारले जाते की नवा सीपीयू सापडला, एफटीपीएम रीसेट करायचे का, वाय की एन. एन्क्रिप्शन नसेल किंवा रिकव्हरी की हातात असेल तर वाय.

दुसरी: सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोय. तुमची विंडोज १० जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेली असेल तर बायोसमध्ये सीएसएम बंद करताच ती बूट होणार नाही. आणि सीएसएम बंद केल्याशिवाय सिक्युअर बूटही नाही, रिसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या गुणधर्मांत पार्टिशनची पद्धत दिसते. एमबीआर असेल तर विंडोजसोबत येणारी एमबीआर-टू-जीपीटी आज्ञा आधी फक्त तपासणीसाठी चालवा, ती पार पडली तरच रूपांतर करा. तुम्ही कोरी एनव्हीएमई घेऊन त्यावर ११ टाकणारच असाल तर हे सगळे टाळता येते: सीएसएम बंद, सॅटा एसएसडीची केबल काढून ठेवा, मग इन्स्टॉल करा. नाही तर इन्स्टॉलर बूटची फाइल जुन्या डिस्कवर लिहून ठेवतो आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन उठत नाही.

९०६० एक्सटीसाठी 'अबव्ह ४जी डीकोडिंग' आणि रिसायझेबल बार दोन्ही चालू करा.

रात्रपाळी

प्रोसेसर काढताना एक इशारा, कारण एएम४वर हे सर्वाधिक घडते. पिना प्रोसेसरला आहेत आणि सॉकेट त्यांना फक्त कडेने धरते. प्रोसेसर आणि कूलर यांच्यातली जुनी पेस्ट वाळून डिंकासारखी झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की कडी बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, आणि पिना वाकतात.

म्हणून मशीन बंद करण्याआधी १५ मिनिटे रेंडर चालवून प्रोसेसर तापवा. मग बंद करून प्लग काढा, पेस्ट गरम आहे तोवर स्क्रू तिरक्या जोडीने सैल करा. कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत राहा, तो घसरायला लागला की मगच उचला. रेथ स्टेल्थचे चार स्क्रू मागच्या पट्टीत थेट जातात. बोर्ड उभा असेल आणि स्क्रू काढले तर पट्टी मागून पडते, म्हणून कॅबिनेट आडवे ठेवा आणि मागून हात लावा.

पीन वाकलीच तर ०.५ मिमी शिशाच्या पेन्सिलचे रिकामे टोक पिनेवर सरकवून हळू सरळ करा, एका झटक्यात नाही. नवा प्रोसेसर बसवताना सोनेरी त्रिकोण जुळवा, तो आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावे लागत असेल तर थांबा.

पेटीबाहेर

एवढी खटपट करण्यापेक्षा एएम५ (एएमडीचे पुढचे सॉकेट) का नाही? बी-६५०, डीडीआर५, पुढे प्रोसेसर बदलण्याची सोय. एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही पाठिंबा देऊ असे एएमडीने सांगितले आहे. एएम४ हा शेवटचा थांबा आहे.

लेनमोजणी

नवे मशीन शून्यातून बांधायचे असते तर मीही एएम५च म्हटले असते. पण इथे बोर्ड, रॅम, सप्लाय चालू स्थितीत आहेत. एएम५ला तिन्हींतले पहिले दोन बदलावे लागतात, कारण तिथे फक्त डीडीआर५ चालते, आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या किमती ज्या वेगाने चढल्या त्यात हातातले १६ जीबी डीडीआर४ फेकून देणे मला योग्य वाटत नाही. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

आणि एएम५वर गेलो म्हणजे लेनचा हिशोब संपला असेही नाही. ८६००जी आणि ८७००जी ग्राफिक्स कार्डाला ८ लेन देतात, ८५००जी फक्त ४. काही एक्स-८७० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी४ला ४ लेन राखून ठेवल्यामुळे ठरावीक एम.२ स्लॉट भरला की ग्राफिक्स ८ लेनवर येते. खोक्यावर '५.०' छापले आहे म्हणून पुस्तिका वाचायची सुटका होत नाही.

कृष्णाकाठ

थोडा जोडप्रश्न. माझ्याकडे बी-५५०, ५६०० आणि आरएक्स ६६०० आहे. कॅबिनेटमध्ये कार्ड उभे लावायला रायझर केबल टाकली, तेव्हापासून अधूनमधून पडदा काळा होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए १७च्या (हार्डवेअरमधल्या चुकीच्या) शेकडो नोंदी. कार्ड खराब?

बोर्डवाचक

आधी केबल बघा. पुष्कळ स्वस्त रायझर ३.०च्या आहेत. बोर्ड आणि कार्ड दोघे ४.०चे असल्याने ते आपसांत ४.० ठरवतात, केबल मध्ये आहे हे त्यांना कळत नाही, आणि संकेत वाटेत बिघडतात. बायोसमध्ये ग्राफिक्स स्लॉट 'ऑटो'वरून 'जेन ३'वर करा. केबल आत आणि पडदा काळा असेल तर आधी कार्ड थेट स्लॉटात लावून ही सेटिंग करा. नोंदी थांबल्या तर कार्ड निर्दोष. ६६०० ८ लेनचे, ८ जीबीचे कार्ड आहे, ३.०वर १०८०पीला थोडेच नुकसान होईल. पूर्ण वेग हवा असेल तर ४.० प्रमाणित केबल. बायोस २०२१च्या आधीचा असेल तर तोही बदला, यूएसबी उपकरणे मध्येच तुटण्याचा दोष एजेसा १.२.०.२मध्ये दुरुस्त झाला.

सह्यवारा

सगळे झाले, क्रम तुम्ही सांगितला तसाच. सगळे योग्य जागी चालतेय हे तपासायचे कसे? जीपीयू-झीमध्ये १६ लेन पण १.१ असे दिसते, ३.० नाही.

तांबडी_तार

१.१ हे बरोबरच आहे. कार्ड रिकामे बसले की वीज वाचवायला दुवा खालच्या वेगावर जातो. त्या रकान्याशेजारी प्रश्नचिन्ह आहे, ते दाबून रेंडर चाचणी चालवा. भार पडताच '१६ @ ३.०' झाले पाहिजे. लेन ८ किंवा ४ दिसल्या तर कार्ड वाकडे बसलेय किंवा चुकीच्या स्लॉटात आहे. खालचा लांब स्लॉट आकाराने १६चा असला तरी बी-४५०वर आत बहुधा २.०च्या ४ लेनच असतात. एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ट्रान्सफर मोड बघा: '३.० एक्स४ | ४.० एक्स४' असे दोन भाग दिसतील. डावा आत्ताचा, उजवा एसएसडीच्या क्षमतेचा.

रात्रपाळी

रॅमही बघून घ्या. बायोस फ्लॅश केला की एक्सएमपी उडते आणि ३०००ची रॅम २१३३वर चालत राहते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो. एक्सएमपी पुन्हा लावा, असूसवर त्याला डीओसीपी म्हणतात. दोन्ही कांड्या प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पुढे ३२ जीबी करायचे झाल्यास या दोनांत आणखी दोन वेगळ्या कांड्या मिसळू नका, १६+१६चा ३६००चा एकत्र विकला जाणारा जोड घ्या. रॅम ३६०० आणि प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा फॅब्रिक १८००, हे एकास एक प्रमाण ५७००एक्स सहज पेलतो.

एक्सएमपी लावल्यावर मशीन उठले नाही तर घाबरू नका. तीनदा प्रयत्न करून ते बहुधा आपणहून डीफॉल्टवर येते. नाहीच आले तर प्लग काढून बोर्डावरचे सीएमओएसचे (बायोसची सेटिंग पुसणारे) दोन काटे स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा, आणि या वेळी वेग २९३३ ठेवून बघा.